स्क्रू फिरवण्याची नव्हे, दोष शोधण्याची मजुरी द्या

आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती धंद्यासाठी घेतली होती. इचलकरंजी आणि विट्याहून कापडाचे नमुने आणायचे, ते कराड, सातारा, वाईच्या दुकानदारांना दाखवायचे आणि ऑर्डर घेऊन सांगलीला परतायचे, हे काम तिने वर्षानुवर्षे केले. आज मालासाठी टेम्पो आहे. तरीही महिन्याकाठी ७०० किलोमीटर ही गाडी आम्ही चालवतोच.

दोन वर्षांपूर्वी ती पेट्रोल जास्त खाऊ लागली. लिटरला १४ किलोमीटर देणारी गाडी १० वर आली. मागून काळा धूर, उभ्या गाडीला पेट्रोलचा वास, प्लग काढावा तर काजळीने काळा. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘रिच’ चालू लागली. म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाऊ लागले.

व्यापारी माणूस आधी हिशेब करतो. ७०० किलोमीटरला १४ च्या ॲव्हरेजने ५० लिटर लागतात, १० च्या ॲव्हरेजने ७० लिटर. म्हणजे २० लिटर पेट्रोल दरमहा धुरात. लिटरचा भाव शंभराच्या वर धरला तर महिन्याला दोन हजारांहून अधिक आणि वर्षाला चोवीस हजारांहून अधिक रुपये. शिवाय नुकसान पेट्रोलपुरते राहत नाही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, खाली उतरून ऑइल पातळ करते आणि रिंगा व बोअर लवकर झिजतात.

व्यापाराच्या पानावर गाडीची कहाणी कशाला, असे वाचक विचारतील. या एका दुरुस्तीत आमचे कारागीर बंधू चुकले आणि त्यांच्यापेक्षा जास्त आम्ही गिऱ्हाईक म्हणून चुकलो. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या गॅरेजांतून आपल्या समाजाचे कितीतरी लोक हलाल रोजी कमावतात. त्या रोजीशी या चुकीचा थेट संबंध आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

तीन गॅरेज, तीन बिले

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी दहा मिनिटे थांबली. मिस्त्रींनी कार्बोरेटरचा स्लोचा स्क्रू थोडा आत घेतला, रेस कमी-जास्त करून पाहिली आणि तीनशे रुपये घेतले. दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी पुन्हा काळा धूर.

दुसऱ्या गॅरेजमध्ये कार्बोरेटर उघडला. ‘किट’ टाकले, जेट तारेने साफ केले. बिल झाले अडीच हजार. गाडी आधीपेक्षा जास्त पिऊ लागली.

तिसऱ्या ठिकाणी सांगण्यात आले की कार्बोरेटरच गेला, दुसरा बसवा. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघणे २००० सालच्या सुमारास थांबले. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. अस्सल नवा कार्बोरेटर आता दुकानात मागून मिळत नाही. जुन्या बाजारातला एक साडेतीन हजारांत आणून बसवला. फरक पडला नाही, म्हणून आमचाच पुन्हा चढवून घेतला. सहा हजारांहून अधिक रुपये गेले आणि गाडी जिथे होती तिथेच.

शेवटी एका मित्राने मिरजेच्या एका बुजुर्ग मिस्त्रींकडे पाठवले. वय सत्तरीचे, डोळ्याला जाड चष्मा. आम्ही बॉनेट उघडून म्हणालो, “चाचा, कार्बोरेटर खराब आहे.” ते म्हणाले, “सेठ, ते शेवटी बघू. आधी गाडी कशी चालते ते सांगा.”

थंड असताना जास्त धूर की गरम झाल्यावर? उभी असताना की पळताना? काटा अर्ध्यावर तरी चढतो का? याआधी कोणी काय बदलले? असे चार-पाच प्रश्न त्यांनी विचारले. पहिला एक तास त्यांनी कार्बोरेटरला हात लावला नाही. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरला. टॅपेटचे गॅप मोजले. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट आणि टायमिंग पाहिले. चोकची तार ओढून सोडली आणि आम्हाला बोलावून दाखवले, की डॅशबोर्डवरचा खटका पूर्ण आत जातो, पण खाली कार्बोरेटरवरचा दांडा बोटभर अलीकडेच थांबतो. म्हणजे सकाळी थंड इंजिनासाठी दिलेला जास्तीचा खुराक दिवसभर चालूच.

त्यानंतर कार्बोरेटर उघडला. फ्लोट कानाजवळ धरून हलवला. आत पेट्रोल शिरले असेल तर तो खळखळतो आणि जड होऊन बुडतो. तो ठीक निघाला. निडलची सीट काढून तिच्याखालचा वॉशर मापला. जुना वॉशर जाड होता, तो कोणीतरी काढून किटमधला पातळ घातला होता. आमच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये ही सीट वरच्या झाकणात बसते. वॉशर पातळ झाला की सीट वर सरकते, निडल उशिरा बंद होते आणि वाटीतली पेट्रोलची पातळी वाढते. पातळी वाढली की प्रत्येक वेगाला इंजिनात जास्त पेट्रोल ओढले जाते. स्लोचा स्क्रू कितीही फिरवला तरी हा दोष जात नाही, कारण तो स्क्रू फक्त उभ्या गाडीच्या मंद चालीचा कारभार पाहतो.

शेवटी मेन जेट. जेटवर नंबर कोरलेला असतो. सोलेक्सच्या जेटवर १२० असेल तर छिद्र १.२० मिलिमीटरचे, असा हिशेब. पितळ मऊ असते. तार घालून साफ केले की छिद्र मोठे होते, नंबर मात्र तोच राहतो. व्यास पाच टक्क्यांनी वाढला तर छिद्राचे क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढते. जेट पेट्रोलमध्ये भिजवून हवेच्या दाबाने फुंकायचा असतो, टोचायचा नसतो.

चाचांनी सांगितले, “मूळ दोष एकच होता, चोकची तार. बाकीचे दोन दुरुस्तीत आले.”

आम्ही मजुरीला अडून बसलो

त्यांनी तार सरळ करून तिला ऑइल दिले, जाड वॉशर घातला, आमच्याकडे पडून असलेल्या जुन्या बाजारातल्या कार्बोरेटरमधून योग्य नंबरचा न टोचलेला जेट काढून बसवला. इंजिन पूर्ण गरम केले. मग स्लोचा स्क्रू हळू फिरवत इंजिन सर्वांत सुरेल आणि जलद कुठे चालते ते कानाने पाहिले, तिथे तो ठेवला आणि रेस खाली घेतली. दोन दिवस गाडी त्यांच्याकडे होती. मजुरी सांगितली २,५०० रुपये.

आम्ही काय म्हणालो, ते लिहायला आज शरम वाटते. आम्ही म्हणालो, “चाचा, सामान तर काहीच घातले नाही, मग एवढे कशाचे?”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “सेठ, सामान घातले की तुम्हाला दिसते. जे घालण्याची गरज नव्हती, ते मी घातले नाही. ते दिसत नाही.”

आम्ही पैसे दिले. गाडी आज पुन्हा १४ देते. दीड महिन्यात मजुरी वसूल झाली. पण तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. न लागणाऱ्या सामानाला आम्ही सहा हजार विनातक्रार दिले आणि दोष शोधणाऱ्या हुनरला अडीच हजार देताना घासाघीस केली. आमच्यासारखी गिऱ्हाईके असतील तर मिस्त्री किट विकणार नाहीत तर काय करतील? पुष्कळदा त्यांना ठाऊक असते की किटने काम होणार नाही. पण तास-दोन तास तपासून “तार अडकली होती” असे सांगितले तर गिऱ्हाईक पन्नास रुपये पुढे करते. किट टाकले तर हजार-दोन हजार देते. बाजार जे विकत घेतो, तेच दुकानात येते. आम्ही कापडवाले हे रोज पाहतो.

आंधळा नेम आणि माप

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. कार्बोरेटरचे सारे काम हे प्रमाण राखण्याचे. प्रमाण बिघडले तर दोन बाजू पाहाव्या लागतात: पेट्रोल जास्त झाले का, की हवा कमी झाली? आणि तिसरी बाजू म्हणजे ठिणगी कमजोर आहे का? ठिणगी कमजोर असेल तर योग्य प्रमाणातले पेट्रोलही जळत नाही आणि प्लग काळाच दिसतो. म्हणून एअर फिल्टर, टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग, चोक, पंपाचा दाब आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर, हा क्रम. आपल्याकडे गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आहे. त्यानेही इंजिन थंड राहते आणि पेट्रोल नीट जळत नाही.

अँबॅसडरवाल्यांच्या जुन्या एसयू कार्बोरेटरला तर सोपी परीक्षा आहे. गरम इंजिन मंद चालत असताना पिस्टन अगदी थोडा, मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाची गती वाढून तशीच राहिली तर मिश्रण रिच, इंजिन बंद पडू लागले तर पेट्रोल कमी, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाले तर बरोबर. ही परीक्षा फुकट आहे. पण ती करणारा हात हवा.

आपल्या भागातली एक खास गोष्ट ध्यानात ठेवावी. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलात की हवा विरळ होते आणि सांगलीत बरोबर लावलेली गाडीही वर थोडी रिच चालते, पिकअप कमी होतो. हा कार्बोरेटरचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. वर जाऊन कोणी जेट लहान करून घेतला तर खाली उतरल्यावर गाडीला पेट्रोल कमी पडेल, इंजिन तापेल आणि ठोके देईल. गाडी कुठे राहते, हे मिस्त्रींनी विचारावे आणि मालकाने न विचारता सांगावे.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. आपल्या सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांतही हे इथेनॉल बनते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर गाडी थोडी उलट बाजूला, म्हणजे ‘लीन’ सरकते. पण तेच इथेनॉल जुने रबर फुगवते, टाकीतला साचलेला मळ सोडवते आणि पाणी शोषते. मळाचा कण निडलखाली अडकला की वाटी भरून वाहते आणि गाडी रिच. म्हणजे आज आंधळेपणाने स्क्रू फिरवणे पूर्वीपेक्षाही धोक्याचे झाले आहे. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम आधी पाहावा. यात आगीचाही प्रश्न आहे.

माप घ्यायचे तर यंत्र गावात आहेच. पीयूसीच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. जुन्या पेट्रोल मोटारींना त्याची मर्यादा ३ टक्के आहे. दुरुस्तीपूर्वी एक आणि नंतर एक पावती घेतली तर वाद राहत नाही. मात्र ही तपासणी उभ्या गाडीची असते. पावतीपुरता स्लोचा स्क्रू आत घेऊन आकडा खाली आणता येतो आणि गाडी रस्त्यावर धूर सोडतच राहते. असे करणे म्हणजे तराजूला बोट लावणे. म्हणून पावतीबरोबर पन्नास किलोमीटर चालवून प्लगचा रंगही पाहावा. बिस्किटासारखा फिकट तपकिरी असेल तर काम झाले.

दीन काय शिकवतो

बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा आत ओल लागली, आणि ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, याचा जाब त्यांनी विकणाऱ्याला विचारला, हा प्रसंग आपण सर्वांनी मदरशात ऐकला आहे. दुरुस्तीच्या धंद्यात ओला माल कोणता? न सांपडलेला दोष. तो झाकून वर नव्या किटचे बिल ठेवणे हा तोच प्रकार. आणि इसराफचे म्हणाल तर वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. कृष्णेच्या काठी राहून महिन्याला वीस लिटर पेट्रोल धुरात घालवणे इसराफ नाही तर काय?

पण दीनचा तराजू दोन्ही बाजूंनी तोलतो. कारागिराची मजुरी ठरवून द्यावी आणि वेळेवर द्यावी, हाही हुकूमच आहे. त्याच्या अक्कलेचे काम घेऊन फक्त हातांचे पैसे देणे हीसुद्धा मापात मारलेली दांडी आहे. हे आम्ही व्यापाऱ्यांना, म्हणजे आधी स्वतःला सांगत आहोत.

हे काम संपणार नाही का?

कोणी म्हणेल, कार्बोरेटरचा जमाना गेला. नव्या मोटारींतून तो २००० सालच्या आसपास गेला आणि १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमानंतर बहुतेक नव्या दुचाकींतूनही गेला. हे खरे आहे. तरी त्याआधीच्या मोटारसायकली आणि स्कूटर आपल्या तालुक्यांत भरपूर चालतात. साताऱ्यात तर एके काळी महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनत होती. जुन्या गाड्यांचे शौकीनही वाढत आहेत. ५० वर्षांवरील वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. हे शौकीन चांगला हात शोधत फिरतात आणि दाम देतात.

याहून मोठा दाखला मिरजेतच आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सतारीच्या कामाकडे वळले. तलवारीचे दिवस गेले, पण लोखंडावर बसलेला बारीक हात आणि सबूर लाकडावर कामाला आली. त्यांच्या वंशातले लोक सतारमेकर म्हणून ओळखले गेले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे जवारी काढताना पाहा. तारेखालची घोडी केसाएवढी घासायची, वाजवून ऐकायचे, पुन्हा घासायचे. एक हात जास्त पडला की सूर गेला. त्या कारागिराला कोणी म्हणत नाही की घोडी तर जुनीच आहे, मग पैसे कशाचे?

कार्बोरेटर उद्या संपेल. पण प्रश्न विचारून, क्रमाने तपासून, एका वेळी एकच गोष्ट बदलून दोष पकडण्याची सवय संपत नाही. इंजेक्शनची गाडीही रिच चालते. तिथे सेन्सर खोटे सांगतो किंवा इंजेक्टर गळतो. स्कॅनर कोड दाखवतो, कारण माणसालाच शोधावे लागते. ज्या मुलाने तारेने जेट टोचायचा नाही हे उस्तादांकडून शिकले, तो उगाच महागडा सेन्सरही बदलणार नाही.

आमच्या सूचना

मिस्त्री बंधूंनी तपासणीची फी वेगळी ठेवावी आणि गाडी घेण्यापूर्वीच सांगावी. दोष सापडला तर तो मालकाला डोळ्यांनी दाखवावा. काढलेले सामान परत द्यावे. एका वहीत गाडीचा नंबर, जेटचा नंबर, वॉशरची जाडी, फ्लोटची उंची आणि स्क्रू किती फेरे बाहेर आहे ते लिहावे. आमच्या गाडीची अशी नोंद पहिल्या गॅरेजात झाली असती तर पुढच्या दोन चुका टळल्या असत्या. शागीर्दाला ही वही वाचायला आणि लिहायला लावावी, फक्त पाना धरायला नव्हे.

गिऱ्हाइकांनी आधीच्या दुरुस्त्या लपवू नयेत. दोष सांगावा, इलाज सांगू नये. “कार्बोरेटर खराब आहे” असे म्हणून आम्हीच तीन मिस्त्रींना चुकीच्या वाटेला लावले होते. आणि तपासणीच्या फीवर घासाघीस करू नये.

ज्या जमातींकडे व व्यापारी मंडळांकडे थोडा निधी आहे, त्यांनी गॅरेजवाल्यांसाठी धुराचे प्रमाण मोजणारे एक सामाईक यंत्र घ्यावे आणि चाचांसारख्या उस्तादांना मानधन देऊन महिन्यातून दोन दिवस मुलांपुढे बसवावे. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कोणत्याही किटमध्ये मिळत नाही आणि त्यांचे वय सत्तरीचे आहे.

गेल्या महिन्यात आम्ही गाडी पुन्हा त्यांना दाखवून आणली. त्यांनी एअर फिल्टर झटकला, चोकची तार ओढून पाहिली, प्लग काढून पुन्हा लावला आणि म्हणाले, “काही करायचे नाही.” आम्ही तपासणीचे पैसे दिले. ते नको म्हणत होते, आम्ही ऐकले नाही. अल्लाह आपल्या कारागिरांच्या हुनरमध्ये आणि आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो.